दोन हजार वर्षांची वाट, तीन तासांची चढण: नाणेघाट चालायचा तर काय माहीत हवं

कल्याणहून माळशेजकडे निघालेली एसटी मुरबाड, टोकावडे मागे टाकते. वैशाखरे गाव ओलांडलं की रस्त्याच्या कडेला नाणेघाटाची पाटी येते. कंडक्टरला आधी सांगून ठेवलं असेल तर तिथंच उतरता येतं, नाहीतर गाडी थेट माळशेजच्या वळणांना लागते. उतरल्यावर समोर सह्याद्रीची सलग भिंत दिसते. त्या भिंतीत एके ठिकाणी वर केलेल्या अंगठ्यासारखा सुळका आहे आणि त्याला लागून एक खाच. सुळक्याला म्हणतात नानाचा अंगठा. खाच म्हणजे नाणेघाट. ठाणे जिल्ह्यातून पुणे जिल्ह्यात, कोकणातून देशावर, चालत जायची ही वाट किमान दोन हजार वर्षं वापरात आहे.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसाला घाट म्हटलं की नदीच्या पायऱ्या आठवतात, महेश्वरचा किंवा उज्जैनचा घाट. बेळगाव, खानापूर, सिंधुदुर्ग, गोव्याकडच्या वाचकाला तसं सांगावं लागत नाही. चोर्ला, आंबोली, तिलारी ही नावं त्यांच्या रोजच्या बोलण्यातली. डोंगर उतरून कोकणात जायचा रस्ता तो घाट. पण आज आपण ज्याला घाट म्हणतो तो डांबरी रस्ता असतो. त्याच्या आधी होत्या त्या घाटवाटा, माणसांच्या आणि बैलांच्या पायांनी पडलेल्या. नाणेघाट ही त्यातली सर्वात जास्त अभ्यासली गेलेली वाट आणि बऱ्यापैकी धडधाकट माणसाला एका दिवसात चालता येण्याजोगी.

वाट नेमकी इथंच का?

सह्याद्री हा लाव्हाचे थर एकावर एक साचून झालेला डोंगर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे हे थर सगळे सारखे नाहीत. काही घट्ट, काही ठिसूळ. घट्ट थराचा सरळसोट कातळकडा होतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो. त्यामुळे कोकणातून वर बघितलं की कडा, मग झाडीचा पट्टा, पुन्हा कडा, अशा पायऱ्या दिसतात. झाडीच्या उतारावरून कुठूनही चढता येतं. अडतं ते कड्यापाशी. म्हणून वाट शोधणं म्हणजे शेवटच्या कड्यात फट शोधणं. जिथं खडकाच्या भेगेतून पाण्यानं कोरून नळी केली आहे, तिथंच माणूस वर निघतो. नाणेघाटाच्या माथ्यावर अशी नळी आहे आणि तिच्यात दगडी फरसबंदी केलेली आहे.

दुसरी अट पाण्याची. ओझं घेऊन चढणाऱ्या जनावराला आणि माणसाला अर्ध्या दिवसात पाणी लागतंच. तिसरी अट अशी की दोन्ही टोकांना काहीतरी हवं. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला बाजारपेठ. नुसती फट आहे म्हणून कुणी वाट बांधत नाही.

इथं खाली सोपारा (आजचं नालासोपारा) आणि कल्याण ही बंदरं होती. वर तीस-बत्तीस किलोमीटरवर जुन्नर, तिथून पुढं गोदावरीकाठचं पैठण म्हणजे प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. आणखी पूर्वेला आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, ज्याचं जुनं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या अनामिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात पैठण आणि तगर या दोन्ही पेठांचा उल्लेख आहे. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून कापड गाड्यांनी भडोचला जात असे, असं तो सांगतो. भडोचच्या बंदरात उज्जैनचा मालही उतरत होता. म्हणजे वडोदरा, इंदूर, मराठवाडा हे पट्टे तेव्हाही एकाच व्यापारात गुंतलेले होते. बाहेरून येत होती दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच.

याच ग्रंथात एक फार बोलकी नोंद आहे. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. कारण क्षत्रप आणि सातवाहन यांच्यातलं वैर. बंदर कुणाच्या हातात यावर घाटातला माल ठरायचा. जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरात क्षत्रप नहपानाच्या अमात्याचा लेख आहे, म्हणजे मधला काही काळ हा मुलूखही सातवाहनांकडून गेलेला होता. पुढं गौतमीपुत्र सातकर्णीनं तो परत घेतला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथं नहपानाच्या चांदीच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला होता. जिंकलेल्याचं चलन वितळवायच्या भानगडीत न पडता त्याच्यावरच शिक्का मारून बाजारात सोडायचं, हा तेव्हाचा व्यवहारीपणा.

चढण कशी आहे

पाटीपासून पहिला पाऊण-एक तास वाट जवळपास सपाट आहे. झाडीतून जाते, एक-दोन ओढे ओलांडते. जानेवारीनंतर हे ओढे कोरडे असतात. इथं ढोरवाटांचे फाटे बरेच फुटतात आणि चुकलं तर ते इथंच चुकतं, वर नाही. नानाचा अंगठा सतत नजरेसमोर ठेवावा आणि मळलेल्या वाटेला धरून राहावं, एवढं पुरतं.

मग चढ सुरू होतो. आधी मातीचा आणि सुट्या दगडांचा, पुढं कातळातला. उंच जाऊ तशी झाडी विरळ होते आणि वाटेत रचलेले, कोरलेले दगड दिसू लागतात. शेवटच्या टप्प्यात खोदलेल्या पायऱ्या आहेत, बऱ्याच झिजून गुळगुळीत झालेल्या. डाव्या-उजव्या अंगाला पाण्याच्या टाक्या लागल्या की समजायचं, लेणं आलं. तिथून नळीतून माथा हाकेच्या अंतरावर.

एकूण अंतर चार-पाच किलोमीटर, उंची साधारण सहाशे मीटर चढायची. मजल्यांत मोजलं तर दोनशे मजल्यांचा जिना. आकडा ऐकून दचकायला होतं, पण तो चार-पाच किलोमीटरवर पसरलेला आहे. डोंगरात किती वेळ लागेल याचा एक जुना हिशोब गिर्यारोहक वापरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गृहस्थानं तो १८९२ मध्ये मांडला: दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. त्यानुसार इथं दोन तास येतात. पण हा हिशोब न थांबता चालणाऱ्याचा आणि थंड हवेतला. आपल्याकडच्या उन्हात, दम खात, फोटो काढत, लहान मुलं बरोबर असतील तर तीन तास धरावेत. उतरायला दोन. उतरणीत दम लागत नाही पण गुडघे बोलतात, आणि पाय घसरायचे बहुतेक प्रसंग उतरतानाच येतात.

मध्यम श्रेणीची चढाई असं या वाटेचं वर्णन केलं जातं. याचा अर्थ दोर लागत नाही, कड्यावर लटकावं लागत नाही, वाट तुटलेली नाही. पण रोज संध्याकाळी चालायला जायची सवय नसलेल्या पन्नाशीच्या माणसानं थेट उठून इथं येऊ नये. आधी दोन-तीन रविवार घराजवळच्या टेकडीवर जाऊन पाय तपासून घ्यावेत. हृदयाचं, दम्याचं दुखणं असेल तर त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. जुन्नरकडून घाटघरमार्गे माथ्यापर्यंत गाडी जाते. वरून नळीतून थोडं खाली उतरलं की लेणं. वाट चालल्याचं समाधान नाही, पण शिलालेख तोच दिसतो.

भिंतीवरची खतावणी

लेणं म्हणजे साधारण तीस फूट लांब-रुंद चौकोनी खोली. छत सपाट, तीन बाजूंना बसायचे कट्टे. ना चैत्य, ना स्तूप, ना भिक्खूंच्या खोल्या. ही धर्मशाळाच असावी, असं पाहताक्षणी वाटतं. पण डावी आणि उजवी भिंत ब्राह्मी अक्षरांनी भरलेली आहे. भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजी म्हणावी अशी. काळ सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीचं पहिलं शतक मानतात. काही अभ्यासक तो आणखी मागे नेतात.

१८२८ च्या उन्हाळ्यात विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं या लेखाकडे जगाचं लक्ष वेधलं. त्यानंतर पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथं काम केलं आणि १८८३ मध्ये गेओर्ग ब्यूलर यांचं वाचन प्रसिद्ध झालं. लेख जागोजाग फुटलेला आहे. वाक्यं अर्ध्यावर तुटतात. तरी जे उरलं आहे त्यातून एक बाई उभी राहते. महारठी घराण्यातली मुलगी, सातकर्णी राजाची राणी, मुलांची आई. महिना महिना उपास करणारी, घरात राहून तापसीसारखी वागणारी असं तिचं वर्णन आहे, त्यावरून लेख कोरला तेव्हा ती विधवा असावी आणि मुलाच्या वतीनं कारभार पाहत असावी, असा निष्कर्ष काढला जातो. तिचं नाव नायनिका. आपण तिला नागनिका म्हणून ओळखतो.

लेख सुरू होतो देवांना वंदन करून. इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, आणि यम, वरुण, कुबेर, वासव हे चार लोकपाल. त्यानंतर यज्ञांची यादी. दोन अश्वमेध, राजसूय आणि कितीतरी इतर. आणि प्रत्येक यज्ञापुढं दक्षिणा. खरी मजा इथं आहे. एके ठिकाणी ११,००० गायी आणि १,००० घोडे. एके ठिकाणी २४,४०० कार्षापण दक्षिणा, आणि त्याच्याच पुढं यज्ञ बघायला आलेल्यांना आणि नोकरचाकरांना वाटलेले ६,००१ कार्षापण. वर एक रुपया ठेवून शुभ आकडा करायची आपली आहेराची रीत आठवते, पण तिचा आणि या आकड्याचा धागा जोडायला पुरावा नाही. खातेवहीत मुख्य खर्चाखाली किरकोळ खर्च वेगळा दाखवतात, तसा हा प्रकार. राजघराण्याची खतावणी दगडावर.

गणिताच्या इतिहासात या भिंतीला वेगळं महत्त्व आहे. भारतात कोरलेल्या अंकांचे फार जुने नमुने इथं एकत्र मिळतात. मात्र ते आजच्यासारखे नाहीत. शून्य नाही, एकं-दहं-शतं अशी जागेनुसार किंमतही नाही. दहा, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत आणि हजाराच्या चिन्हाला दुसरं चिन्ह जोडून वीस हजार, चार हजार लिहिले आहेत. त्यामुळे २४,४०० लिहायचं तर वीस हजार, मग चार हजार, मग चारशे अशी तीन चिन्हं शेजारी ठेवायची. आपण पाच आकडे लिहितो, त्यांचं तीन चिन्हांत भागायचं.

समोरच्या भिंतीवर एके काळी पुतळे होते. सातवाहन घराण्याचा सिमुक, मग देवी नायनिका आणि सातकर्णी, राजकुमार, राणीचा बाप महारठी. आज त्यांच्या पायांच्या खुणा आणि वर कोरलेली नावं, एवढंच उरलं आहे. आता हे चित्र डोळ्यांपुढं आणावं. घामाघूम झालेला व्यापारी बैल नळीखाली उभे करून सावलीत येतो. बसतो. समोर राजघराणं रांगेनं उभं, दोन्ही बाजूंना राणीनं केलेल्या दानधर्माचे आकडे. अक्षरओळख नसली तरी कुणीतरी वाचून सांगणारा असणारच. मोक्याच्या रस्त्यावर राज्यकर्त्यांचे फलक लावायची आपल्याकडची हौस आजकालची नाही.

या घराण्याचा पसारा पुढच्या दोनशे वर्षांत किती वाढला, ते सीमेपलीकडच्या वाचकांना आपल्या परसात बघता येईल. सिमुकाची नाणी तेलंगणातल्या करीमनगर भागात कोटिलिंगाल इथं मिळाली. आणि बेळगावात वडगाव-माधवपूर भागातल्या उत्खननात सातवाहनकाळातली वस्ती सापडली. ज्या गल्ल्यांत आज यंत्रमाग चालतात त्या परिसराखाली नाणेघाटाच्या काळाजवळचं गाव आहे.

लेण्याच्या आसपासच्या टाक्यांवरही लहान लेख आहेत. पाण्याच्या टाकीला त्यात ‘पोढी’ म्हटलं आहे. एका लेखात सोपाऱ्याच्या गोविंददासानं पोढी दान दिल्याची नोंद आहे. राणीचे हजारो कार्षापण एकीकडे आणि बंदरावरच्या एका माणसानं वाटसरूंसाठी खोदवलेली टाकी दुसरीकडे. वाट कुणाच्या उपयोगाची होती हे दुसऱ्या नोंदीवरून जास्त कळतं.

रांजण आणि जकात

माथ्यावर नळी संपते तिथं एका अखंड दगडाचा मोठा रांजण आहे. प्रत्येक गाइड, प्रत्येक माहितीफलक, प्रत्येक व्हिडिओ सांगतो की यात जकात गोळा होत असे. दिवसातून अमुक वेळा तो नाण्यांनी भरायचा, असंही काही जण रंगवून सांगतात.

जकात घेतली जात असणार यात शंका घ्यायला जागा कमी. एवढी अरुंद नळी म्हणजे नैसर्गिक नाकंच. शिवाय जीवधन, चावंड, हडसर, शिवनेरी हे किल्ले जुन्नरपर्यंतच्या या वाटेवर ओळीनं उभे आहेत, ते उगाच नव्हे. घाटाचं नावही नाण्यावरून पडलं असं मानणारे बरेच. पण रांजणात नाणी टाकत, हे सांगणारा एकही शब्द लेण्यातल्या लेखात नाही. तिथं यज्ञ आहेत, दक्षिणा आहे, जकातीचा उल्लेख नाही. दगडी रांजण पाण्यासाठीही असतो, धान्यासाठीही. उघड्यावर ठेवलेल्या रांजणात राज्याचा महसूल टाकणारा जकातदार असेल तर त्याचा हिशोब तपासायला हवा होता. रांजण बघावा, जकातीची गोष्टही ऐकावी, पण शिलालेख आणि दंतकथा एकाच मापानं मोजू नयेत.

नावाबद्दल दुसरीही कथा आहे. दोन भावांनी घाट फोडायची पैज लावली, त्यातला नाना जिंकला, म्हणून नानाचा घाट आणि नानाचा अंगठा. अशा पैजांच्या गोष्टी सह्याद्रीत घाटोघाट मिळतात.

व्यापाऱ्यांचा खरा कागद, म्हणजे खरा दगड, बघायचा तर जुन्नरला जावं. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या वर लेणी आहेत. त्यात एक लेणं आणि टाकी धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं दिल्याचा लेख आहे. बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून दान चालू ठेवायचं, अशी पद्धत होती. यवन म्हणवणाऱ्या दात्यांचीही नावं आहेत. घाट चढून आलेला पैसा कुठं मुरला, ते इथं दिसतं.

वाट ओस का पडली

घाटवाटेवर चालायचे ते ओझ्याचे बैल. गाडी या चढणीवर येऊच शकत नाही. म्हणून गाडीरस्ता झाला की घाटवाट मेली, हे सूत्र सह्याद्रीत सगळीकडे लागू पडतं. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये तिथून रेल्वे चढली, दोन वर्षांनी थळघाटातून. मुंबईचा माल त्या दोन तोंडांनी जाऊ लागला. गंमत अशी की हे दोन्ही लोहमार्ग कल्याणलाच फुटतात. बंदर संपलं तरी कल्याणचं नाकं राहिलं.

सीमाभागात तेच घडलं. १८८० च्या दशकात कॅसलरॉकवरून मुरगावपर्यंत रेल्वे झाली, आंबोलीचा रस्ता झाला आणि बेळगावातून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटांवरचे तांडे थांबले. बेळगावात आजही रामघाट रोड आहे. त्या रस्त्यावर राहणाऱ्या किती जणांना तो कुठल्या घाटाकडे जात होता हे ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. नाणेघाट नशीबवान. त्याला शिलालेख होता म्हणून तो पुस्तकात गेला. ज्या वाटांना लेख नाही त्या झाडीत हरवत चालल्या आहेत, आणि त्या माहीत असलेली म्हातारी माणसंही कमी होत आहेत.

नाणेघाटातसुद्धा खालच्या वाड्यांतले ठाकर, कातकरी आणि वरच्या घाटघर पट्ट्यातले महादेव कोळी यांच्या पायाखाली ही वाट राहिली म्हणून ती मोडली नाही. व्यापार गेला तरी सोयरीक, बाजार, देवाची जत्रा यांसाठी माणसं चालतच होती. हिरडा गोळा करणं हे वरच्या भागातलं जुनं उत्पन्न. आता त्यात पर्यटकांची भर पडली आहे. कुणी वाटाड्या म्हणून येतं, कुणी पिठलं-भाकरी करून देतं. पाण्याची बाटली आणि बिस्किटं मुंबईहून आणून जेवणही डब्यातलंच खाणाऱ्यांनी निदान एक जेवण गावात घ्यावं.

पाऊस, गर्दी आणि भिंतीवरची काजळी

पावसाळ्यात नाणेघाट वेगळ्याच कारणासाठी गाजतो. पश्चिमेकडून येणारा वारा कड्यावर आपटतो, खाचेत कोंडतो आणि जोरात वर फेकला जातो. माथ्यावरून खाली पडणारं पाणी त्या वाऱ्यानं उलटं वर उडतं. याला उलटा धबधबा म्हणतात. मोबाइलवर हा व्हिडिओ फिरू लागल्यापासून जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी घाटघरच्या बाजूनं गाड्यांची रांग लागते.

जो वारा पाणी उडवतो तो माणसालाही ढकलतो, हे साधं गणित कड्याच्या टोकावर उभं राहून फोटो काढणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. धुक्यात टोक कुठं संपतं ते दिसत नाही. खालच्या वाटेवरचे ओढे तासाभरात गुडघ्यापासून कमरेपर्यंत येतात, आणि सकाळी सहज ओलांडलेला ओढा संध्याकाळी परतीची वाट अडवतो. पावसाळ्यात अशा ठिकाणी जिल्हा प्रशासन अनेकदा मनाई आदेश काढतं. बेळगाव किंवा हैदराबादहून रात्रभर प्रवास करून पोचायचं आणि नाक्यावरून परत फिरायचं, असं होऊ नये म्हणून निघण्याआधी जुन्नर आणि मुरबाड दोन्ही बाजूंची स्थिती विचारून घ्यावी. पहिल्यांदा जाणाऱ्यानं पावसाळा टाळावाच. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. दिवाळीनंतर गवत सोनेरी होतं आणि आकाश स्वच्छ असलं तर कोकण दूरवर दिसतं.

पावसापेक्षा लेण्याला जास्त धोका माणसांचा. मुक्कामाला सोयीची जागा म्हणून लेण्यात चूल पेटवली जाते. काजळी छतावर आणि अक्षरांवर बसते. कुणी दगडानं आपलं नाव कोरतं. अक्षर फोटोत नीट यावं म्हणून खडू किंवा पीठ चोळणारे हौशी अभ्यासकही असतात, आणि ते स्वतःला जाणकार समजतात हे जास्त वाईट. ही अक्षरं आधीच झिजलेली आहेत. ब्यूलरांनी वाचलं तेव्हाही बरेच शब्द गेलेले होते. जे जातं त्याची दुसरी प्रत कुठं नाही. अक्षर उठून दिसायला हवं असेल तर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडावा. खोबणीत सावली पडते आणि ओळ स्पष्ट दिसते. हात लावायची गरज पडत नाही.

जायचं कसं

पुणे आणि नाशिक दोन्हीकडच्या गाड्या कल्याणला येतात, त्यामुळे बेळगाव, हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर कुठूनही आलं तरी कल्याण सोयीचं. वडोदऱ्याकडून येणाऱ्यांनी वसईला उतरून कल्याण गाठावं. कल्याणहून पहाटेची जुन्नर, आळेफाटा किंवा अहिल्यानगरकडे जाणारी एसटी धरावी. वैशाखऱ्यापर्यंत साठ-पासष्ट किलोमीटर. सकाळी आठच्या आत चालायला लागलं तर अकरापर्यंत लेण्यात, ऊन तापायच्या आधी.

प्रत्येकी तीन लिटर पाणी. टाक्यांतलं पाणी असतं, पण गाळून, उकळून घेतल्याशिवाय पिऊ नये. तळाला खाचा असलेले बूट, टोपी, सुती पूर्ण बाह्या. वाटेत मोबाइलची रेंज भरवशाची नाही, म्हणून घरी कुणाला तरी परतायची वेळ सांगून निघावं. खाली उतरायचं असेल तर दुपारी तीननंतर माथ्यावर रेंगाळू नये, डोंगराच्या सावलीत झाडीतला शेवटचा टप्पा लवकर अंधारतो.

दोन दिवस हातात असतील तर उतरूच नये. घाटघरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जीवधन चढावा. शेजारचा वानरलिंगी सुळका, सुमारे साडेतीनशे फूट उंच, फक्त बघायचा. तो प्रस्तरारोहण करणाऱ्यांचा. जीवधनची वाट मात्र नाणेघाटापेक्षा अवघड आहे, काही पायऱ्या इंग्रजी अमलात उद्ध्वस्त झालेल्या, तिथं वाटाड्या घ्यावा. मग जुन्नर, लेण्याद्री, शिवनेरी. घाटघरहून जुन्नरला एसटीच्या फेऱ्या मोजक्याच असतात, त्यांची वेळ आदल्या संध्याकाळीच गावात विचारून ठेवावी. गाडी चुकली तर जीप मिळेपर्यंत वाट बघावी लागते.